खाली पाहणारा वैमानिक

विमानात बसण्याचा योग मला आयुष्यात फार उशिरा आला. दिल्लीहून मुंबईला येत होतो. उतरायला पंधरा-वीस मिनिटे असतील. सहज खिडकीतून खाली पाहिले, तो डोंगरांच्या कुशीत पाण्याचे मोठमोठे तुकडे चकाकताना दिसले. ओळख पटायला वेळ लागला नाही. ही भातसा, पलीकडची ती तानसा असावी, आणि त्याही पलीकडे वैतरणा. म्हणजे मी माझ्याच शहापूर तालुक्यावरून चाललो होतो! घाईघाईने आमचे गाव शोधू लागलो. माहुलीचा गड सापडला. निदान सापडल्यासारखे वाटले. आगगाडीचा मार्ग एखाद्या रेघेसारखा दिसला. पण गाव काही सापडेना, मग घराची गोष्ट दूरच. त्या वेळी घरात आई होती. दुपारची वेळ, म्हणजे ओटीवर सूप घेऊन बसलेली असणार. आणि मी तिच्या डोक्यावरून चाललो होतो.

शेजारचे गृहस्थ माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, ‘‘काय सुंदर दिसतं नाही वरून!’’

सुंदर दिसत होते, यात शंका नाही. घरी आल्यावर मी आईला मोठ्या उत्साहाने ही हकिगत सांगितली. ती म्हणाली, ‘‘मग हाक नाही का मारायचीस?’’ आम्ही दोघेही हसलो. पण तिचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. मी वरून पाहिले ते पाणी, डोंगर, रस्ते. जिच्यावर माझा जीव आहे ती त्याच चित्रात कोठेतरी होती, आणि तरीही मला नुसते सुंदर दिसले. मग ज्याला खाली पाहून काही करायचे असते, ज्याच्या हाताशी एक कळ असते आणि ती दाबली की खालचे चित्र बदलते, त्याला काय दिसत असेल?

धरणांच्या तालुक्यात राहणाऱ्याला हा विचार सुचला की तो धरणापाशी येऊनच थांबतो. पावसाळ्यात भातसेचे दरवाजे उघडायचे झाले तर नदीकाठच्या गावांना आधी इशारा दिला जातो. गुरे सोडली जातात, पुलावर माणूस उभा राहतो. दरवाजे थोडे उघडायचे तर एवढी तयारी. सगळी भिंतच एका रात्रीत गेली तर? हे जगात घडलेले आहे, आणि ते पावसाने घडलेले नाही. 1943 सालच्या मे महिन्यात, 16 तारखेच्या रात्री, इंग्रजांच्या हवाई दलाची एकोणीस लँकेस्टर विमाने जर्मनीतील धरणे फोडण्यासाठी निघाली. पाण्यावरून उड्या मारीत भिंतीपर्यंत जाणारा एक विलक्षण बाँब बार्न्स वॉलिस या शास्त्रज्ञाने त्यासाठी तयार केला होता. तो टाकायचा तर विमान पाण्यापासून अवघ्या साठ फुटांवर आणावे लागे. साठ फूट म्हणजे आपल्याकडच्या बऱ्यापैकी उंच माडाएवढी उंची! म्योने आणि एडर ही दोन धरणे फुटली. निघालेल्या 133 वैमानिकांपैकी 53 मेले. खाली, पाण्याच्या वाटेत, तेराशेच्या आसपास माणसे बुडाली. त्यांतली निम्म्याहून अधिक जर्मन नव्हतीच. ती जर्मनांनी परमुलखातून धरून आणलेली, वेठीला लावलेली माणसे होती, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या. ज्यांच्या सुटकेसाठी युद्ध चालले आहे असे सांगितले जात होते, त्यांतलीच ही माणसे.

वॉलिस त्या रात्री वैमानिकांची वाट पाहत जागत बसला होता. परत न आलेल्यांचा आकडा कळला तेव्हा तो रडला. पुढे सरकारने त्याला दहा हजार पौंडांचे बक्षीस दिले, तेही त्याने मृत हवाई सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकले. माणूस सज्जन, यात वाद नाही. पण त्याचे डोळे भरून आले ते ज्यांच्याबरोबर तो चहा प्यायला होता त्या त्रेपन्न मुलांसाठी. पाण्यात गेलेल्यांचे चेहरे त्याने कधी पाहिलेच नव्हते. मी त्याला दोष देत नाही. मला माझी आई आठवली ती ती माझी आई म्हणून. तिच्या शेजारच्या घरातली म्हातारी मला विमानात आठवली नव्हती.

ज्या तुकडीने हे काम केले तिचा क्रमांक 617. तिचा पहिला प्रमुख गाय गिब्सन हा आपल्या सिमल्यात जन्मलेला, अवघा चोवीस वर्षांचा पोरगा. मला सांगायचे आहे ते त्याच्याविषयी नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात या तुकडीची सूत्रे लेनर्ड चेशायर नावाच्या दुसऱ्या वैमानिकाकडे आली. हा माणूस पुढे आपल्या मुंबईशी जोडला गेला. येथे त्याने घर उभे केले आणि येथेच त्याचे लग्न झाले. अंधेरीला महाकाली गुंफांच्या रस्त्यावर ‘चेशायर होम’ अशी पाटी आहे. मी ती कितीदा वाचली असेल. कोणातरी साहेबाच्या नावाची धर्मादाय संस्था, एवढेच मनात येई. तो साहेब जर्मनीवर बाँब टाकणारा वैमानिक होता हे मला पुष्कळ उशिरा कळले.

चेशायरचा जन्म 1917 चा. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, मजेत राहणारा, मोटारींचा शौकीन तरुण. युद्ध सुरू झाले आणि तो बाँबफेकी विमानांवर गेला. त्या विमानांवर जाणे म्हणजे काय होते हे एका आकड्यावरून कळेल. इंग्रजांच्या बाँबफेकी दलात सुमारे सव्वा लाख माणसे उडाली आणि त्यांतली 55,573 मेली. तीस मोहिमा केल्या की वैमानिकाला विश्रांती मिळे, आणि तीस पुऱ्या करणारे थोडेच असत. चेशायरने शंभर केल्या. त्या चार वर्षांच्या धैर्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अशा माणसाच्या प्रेमाचे काय होते? 1941 साली तो कामगिरीवर न्यूयॉर्कला गेला असता तेथे त्याची एका चित्रपट-नटीशी ओळख झाली, आणि थोड्याच दिवसांत लग्नही झाले. कॉन्स्टन्स बिनी तिचे नाव. ती त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठी होती. युद्धाबरोबरच ते लग्नही ओसरून गेले. लोक अशा लग्नांना हसतात. मला हसू येत नाही. ज्याला परवाचा दिवस दिसेल याची खात्री नाही तो उद्याच लग्न करणार. त्या प्रेमात खोटे काही नसते. पण त्याला लांबी नसते, आणि रुंदीही नसते. सगळे जग आटून एका माणसाएवढे होते, आणि बाकीचे जग नकाशावर राहते. युद्धकथा लिहिणारे याच गोष्टीचा आधार घेतात. वैमानिकाच्या खिशात प्रेयसीचे पत्र असते, आणि आपण वाचक विरघळतो: पाहा, हाही माणूसच होता! अहो, माणूस होता यात संशय कोणाला? प्रश्न असा आहे की ते पत्र खिशात असताना त्याला खालच्या घरातले पत्र सुचले का.

चेशायरला एकदा तरी ते सुचले, म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

1944 सालच्या फेब्रुवारीतली 8 तारीख. फ्रान्समध्ये लिमोझ या गावी विमानांची इंजिने बनवणारा कारखाना होता. तो जर्मनांच्या ताब्यात होता, आणि रात्रपाळीला तेथे शेकडो फ्रेंच बायका काम करीत. चेशायरच्या तुकडीने तो उडवायचा होता. तो स्वतः सर्वांच्या पुढे गेला, विमान अगदी छपरांना घासेल इतके खाली आणले, आणि कारखान्यावरून नुसताच निघून गेला. मग वळून पुन्हा आला. पुन्हा काही न टाकता गेला. अशा तीन फेऱ्या त्याने घातल्या. खालच्या बायकांना जे कळायचे ते कळले. त्या बाहेर पळाल्या. मग त्याने निशाणीचे दिवे टाकले आणि मागून आलेल्या विमानांनी त्यांवर नेम धरला. कारखाना गेला. बायकांपैकी बहुतेकींना जीव घेऊन पळायला वेळ मिळाला होता.

या तीन फेऱ्यांचा मी पुष्कळ विचार केला आहे. लढाईच्या शास्त्राप्रमाणे हा वेडेपणा. शत्रूला जागे करायचे, आपले अवजड विमान त्याच्या बंदुकांसमोर तीनदा फिरवायचे, आणि कशासाठी? ज्यांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत त्यांना दारापर्यंत धावता यावे म्हणून. धोका पत्करणे ही वैमानिकाची रोजचीच गोष्ट. पण रोजचा धोका काम तडीस नेण्यासाठी असतो. हा धोका काम जरा उशिरा व्हावे म्हणून होता. शौर्य आणि करुणा यांत फरक करायचा झाला तर मी येथे करीन. पंचावन्न हजार तरुण मेले, यावरून ते शूर होते एवढेच सिद्ध होते. मरायला तयार असणाऱ्याला मारण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. हे आपण आपल्या वीरांच्या बाबतीतही विसरतो.

पण येथेच मला एक अडचण येते, आणि ती वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. लिमोझच्या त्या बायका फ्रेंच होत्या. म्हणजे मित्रराष्ट्राच्या, जवळजवळ आपल्याच. त्यांना धक्का लागू नये अशी काळजी वरिष्ठांनाही होती. जर्मन कारखान्यात रात्रपाळीला जर्मन बायका असत्या, तर चेशायरने त्या तीन फेऱ्या घातल्या असत्या का? जर्मन शहरांवर तो कितीतरी रात्री गेला होता. तेथे अशा फेऱ्या नव्हत्या. तेथे शहर हेच लक्ष्य असे. तेव्हा त्याचे प्रेम न्यूयॉर्कच्या एका स्त्रीपासून निघून लिमोझच्या शेकडो बायकांपर्यंत खाली उतरले होते, हे खरे. ऱ्हाइनपर्यंत ते पोचले नव्हते, हेही तितकेच खरे.

त्याच काळात आमच्या या मुलखातही एक लढाई चालू होती. मुरबाड तालुक्यात सिद्धगड म्हणून किल्ला आहे. भोवती दाट रान, समोर सह्याद्रीची भिंत. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल 1942 च्या चळवळीत आपले आझाद दस्त्याचे साथीदार घेऊन या रानात भूमिगत राहिले होते. घाटाखालच्या वीजकेंद्रांतून मुंबईला जाणाऱ्या तारांचे लोखंडी मनोरे पाडायचे, हे त्यांचे काम. मनोरा पडला की मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने थंड पडत. चेशायर विमानातून जे साधू पाहत होता तेच हे लोक करवतीने साधत होते: शत्रूची शक्ती तोडणे. आणि गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, दोघांचे शत्रू वेगळे होते. चेशायर ज्या साम्राज्याच्या गणवेशात होता तेच कोतवालांचे शत्रू होते. हिटलरला अडवायला हवे होते, आणि इंग्रजांनाही जायला हवे होते. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी मानण्याची कसरत आमच्या वडिलांच्या पिढीने केली आहे.

मनोरा पाडणारा जमिनीवर असतो. तो हात लावून पाहतो ते लोखंड. खाली कोणी झोपलेले नाही ना, हे त्याला पाहता येते. म्हणून मला पूर्वी असे वाटे की सगळा दोष उंचीचाच आहे. माणसाला माणसाचा चेहरा दिसला तर तो सहसा मारणार नाही. तसे मी वर्गात मुलांना सांगितलेही आहे. पण सिद्धगडानेच माझा हा समज मोडला. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे पोलिसांनी त्या रानात कोतवालांच्या माणसांना घेरले. हिराजी पाटील पडले. कोतवाल जखमी झाले. आणि हॉल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने त्यांना जवळ येऊन गोळी घातली, असे या भागात सांगतात. चेहरा तर समोर होता! साठ फूट नाहीत, सहा फूटही नसतील. तेव्हा उंचीला दोष देऊन मोकळे होता येत नाही. समोर असलेलेही दिसत नाही, आणि क्वचित एखाद्याला शेकडो फुटांवरून रात्री दिसते. त्याला डोळ्यांखेरीज आणखी काहीतरी लागत असले पाहिजे.

चेशायरची पुढची हकिगत सांगितली पाहिजे. 1945 च्या 9 ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब पडला तेव्हा इंग्लंडतर्फे निरीक्षक म्हणून तो दूरच्या एका विमानात होता. त्याने तो ढग पाहिला. पुढल्या वर्षी त्याने हवाई दल सोडले. दोन-तीन वर्षे काही ना काही खटाटोप करण्यात गेली. 1948 साली त्याच्या रिकाम्या पडलेल्या मोठ्या घरात एक माणूस आला. कॅन्सरने मरायला टेकलेला, इस्पितळाने हात टेकलेला, कोणी जवळचे नसलेला. चेशायरने त्याला ठेवून घेतले. नोकरचाकर नव्हते. शंभर मोहिमा केलेला हा वैमानिक त्याचे अंग पुशी, भांडे काढी, रात्री उशाशी बसे. एकामागून एक तसेच आणखी आले आणि त्यातून ‘चेशायर होम्स’ निघाली. 1955 साली तो हिंदुस्थानात आला आणि अंधेरीला, तेव्हाच्या रानात, त्याने अपंगांसाठी घर काढले.

आणि मग 1959 च्या एप्रिलात, 5 तारखेला, मुंबईच्या कॅथलिक कॅथीड्रलमध्ये त्याचे सू रायडरशी लग्न झाले. सू रायडर ही युद्धात गुप्त कामगिरी करणाऱ्या खात्यात होती. शत्रूच्या मुलखात उतरवल्या जाणाऱ्या पोलिश तरुणांना विमानापर्यंत पोचवणे तिच्याकडे असे. त्यांतले कितीतरी परत आले नाहीत. युद्ध संपल्यावर ती उद्ध्वस्त युरोपात राहिली. छावण्यांतून सुटलेल्यांसाठी आणि जर्मन तुरुंगांत अडकून पडलेल्या तरुणांसाठी गाडी हाकीत हिंडली. एकाने वरून जो प्रदेश पाहिला होता तो दुसरीने खालून, ढिगाऱ्यांमधून पाहिला होता. अशी दोन माणसे मुंबईत एकत्र आली. त्यांचा संसारही असाच; त्याच वर्षी दोघांनी डेहराडूनला कुष्ठरोग्यांसाठी आणि इतर निराधारांसाठी केंद्र काढले. न्यूयॉर्कच्या त्या प्रेमात बाकीचे जग नकाशावर राहिले होते. या प्रेमात ते घरात आले होते.

आता आपल्या मनाला येथे एक सवय नडते. आपण म्हणतो, झाला वाल्याचा वाल्मीकी! पाप केले, पश्चात्ताप झाला, सेवा केली, फिटले. दिवाळी अंकासाठी गोष्ट छान बसते. पण चेशायर त्या साच्यात बसायला तयार नाही. त्याला कितीदा विचारले गेले, की नागासाकी पाहिल्यामुळे तुम्ही हे करता का? तो नाही म्हणे. त्या बाँबने युद्ध थांबले आणि त्याहून अधिक माणसे वाचली, असेच तो अखेरपर्यंत मानत आला. त्यावर त्याने पुस्तकही लिहिले. 1992 साली तो वारला तोपर्यंत त्याचे हे मत बदलले नाही. मला त्याचे ते मत पटत नाही. नागासाकीतल्या मुलांना वाचलेल्यांच्या खात्यावर मांडता येते असे मला वाटत नाही. पण प्रायश्चित्ताचे सोंग त्याने घेतले नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी अधिक विश्वास वाटतो. सेवा ही जर फेड असती तर अंधेरीचा रोगी हा त्याच्या हिशेबातला एक आकडा झाला असता. पुन्हा वरून पाहिलेलाच. मरणाऱ्या माणसाचे अंग पुसताना माणूस कोणाचे कर्ज फेडीत नसतो. तो फक्त तेथे असतो.

तरीही बाकीच्या रात्री उरतातच. त्यांचे काय, याचे उत्तर चेशायरने दिले नाही, आणि मलाही देता येत नाही. मी एवढेच पाहतो की लिमोझवर घातलेल्या तीन फेऱ्या आणि अंधेरीचे घर या एकाच माणसाच्या गोष्टी आहेत, आणि पहिलीशिवाय दुसरी त्याला सुचली असती असे मला वाटत नाही.

आमच्या तालुक्यात एप्रिल-मेमध्ये टँकर येतात. भातसा, तानसा, वैतरणा उशाशी. आणि पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. हे पाणी मुंबईला जाते. ते जावे, तेथेही माणसेच आहेत. अंधेरीच्या त्या घरातही ते पोचत असेल. पण मुंबईत नळ सोडणाऱ्याला तो हंडा दिसत नाही, त्याला विमान लागत नाही की बाँब लागत नाही. मीही पुष्कळ वर्षे शहापुरात नळाखाली बादली लावून पाड्यावरची बाई न पाहता राहिलो आहे. आमच्या घरापासून तो पाडा सहा मैलही नसेल.

परवा पुन्हा दिल्लीला जायचा प्रसंग आला. निघताना आई म्हणाली, ‘‘या वेळी खिडकीपाशी जागा मिळाली तर नीट बघ. आपलं घर पिंपळाच्या उजव्या अंगाला आहे.’’ मी हो म्हटले. पिंपळ काही दिसला नाही; ढग होते. पण पाण्याच्या कडेने एक पायवाट दिसली, आणि तिच्यावर काहीतरी हलत होते. गुरे असतील, किंवा बायका असतील. विमान वळेपर्यंत मी पाहत होतो.